रक्ताचा हिशेब : पादुआ ते लंडन

मानवी हृदय म्हणजे बंद मुठीएवढा, सुमारे २५० ते ३५० ग्रॅम वजनाचा, दोन फुप्फुसांच्या मध्ये किंचित डावीकडे कललेला पोकळ स्नायू असून त्याचे वरच्या बाजूस पातळ भिंतींची दोन अलिंदे आणि खालच्या बाजूस जाड भिंतींची दोन निलये असे चार कप्पे असतात. शरीरभर फिरून ऑक्सिजन गमावलेले रक्त उजव्या अलिंदात येते, तेथून उजव्या निलयात उतरते, फुप्फुसांत जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते, डाव्या अलिंदात परतते आणि डावे निलय आकुंचन पावताच महारोहिणीत ढकलले जाते. हृदयापासून रक्त दूर नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी, हृदयाकडे आणणाऱ्यांना नीला आणि या दोहोंना जोडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहिन्यांना केशवाहिन्या म्हणतात. हे सारे आज शालेय पुस्तकातील एका आकृतीत मावते. मात्र त्या आकृतीतील बाण कोणत्या दिशेने काढायचे, हे नक्की होण्यासाठी गेलेनच्या काळापासून मोजले तरी युरोपीय वैद्यकाला साडेचौदाशे वर्षे लागली, आणि हा विलंब उपकरणांच्या अभावाने झाला असे म्हणता येत नाही. १६२८ मध्ये विल्यम हार्वीने ज्या साधनांनी हा प्रश्न सोडवला, ती म्हणजे सुरी, दोरा, दंडाला बांधायची पट्टी आणि स्वतःचे बोट, रोमन काळातही कोणत्याही वैद्याच्या हाताशी होती. उणीव होती ती रक्त किती, हा प्रश्न विचारण्याची.

इसवी सन १२९ मध्ये आशिया मायनरमधील पर्गमम येथे जन्मलेला गेलेन हा प्रथम तेथील ग्लॅडिएटरांचा, म्हणजे आखाड्यात शस्त्रांनी झुंजणाऱ्यांचा, आणि पुढे रोममध्ये सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य होता. पुढच्या काळात त्याच्या नावावर झालेली टीका वाचून तो केवळ ग्रंथपंडित असावा असा समज होतो, तो अन्यायाचा आहे. त्याच्या आधी चारशेहून अधिक वर्षे अलेक्झांड्रियातील एरासिस्ट्रेटसने हृदयाच्या झडपा ओळखल्या होत्या, परंतु रोहिणींमध्ये रक्त नसून हवा असते असे त्याचे मत होते. गेलेनने जिवंत प्राण्याची रोहिणी दोन ठिकाणी बांधली, मधला भाग कापला आणि आत रक्तच आहे हे दाखवून ते मत मोडीत काढले. इतक्या स्वच्छ प्रयोगाचा कर्ता हृदयाच्या बाबतीत कसा चुकला, हे समजून घेण्यासाठी त्याची एकूण मांडणी पाहावी लागते.

गेलेनच्या मते रक्ताचे उगमस्थान हृदय नव्हे, तर यकृत होते. पचलेल्या अन्नरसापासून यकृतात रक्त तयार होते, नीलांमधून ते अवयवांकडे जाते आणि पाटाने सोडलेले पाणी शेतात मुरावे तसे मांसात मुरून संपते. ते परत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण रोजच्या अन्नातून रोज नवे रक्त बनत असते. या रक्ताचा थोडा भाग हृदयाच्या उजव्या निलयात येतो, दोन निलयांमधील जाड पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून डावीकडे पाझरतो, तेथे फुप्फुसांकडून आलेल्या न्यूमाशी, म्हणजे श्वासातून शरीरात शिरणाऱ्या चैतन्यतत्त्वाशी, त्याचा संयोग होतो आणि हे तेजस्वी रक्त रोहिणींतून शरीराला ऊब व जीवन देते. म्हणजे रक्त दोन प्रकारचे, वाहिन्यांच्या व्यवस्था दोन, आणि त्यांना जोडणारा दुवा एकच : पडद्यातील ती छिद्रे. ती कोणाला दिसली नव्हती. खुद्द गेलेनलाही नाही. परंतु ती नसतील तर उजवीकडचे रक्त डावीकडे जाणार कसे, याला त्याच्या रचनेत दुसरे उत्तर नव्हते, आणि म्हणून ती असलीच पाहिजेत असे ठरले. मानवी शवविच्छेदन त्या काळी रोममध्ये होत नसल्यामुळे माकडे आणि डुकरे यांच्यावरच त्याला भिस्त ठेवावी लागली हे खरे असले, तरी या चुकीचे कारण ते नव्हे, कारण माकडाच्या हृदयातील पडदाही तितकाच भक्कम असतो.

या छिद्रांना पहिला स्पष्ट नकार युरोपात नव्हे, तर कैरोत दिला गेला. दमास्कसजवळ जन्मलेल्या इब्न अल-नफीस या वैद्याने १२४२ मध्ये इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले, आणि त्यात निलयांमधील पडदा घट्ट असून त्यात दृश्य वा अदृश्य कोणतीही छिद्रे नाहीत, सबब उजवीकडचे रक्त फुप्फुस रोहिणीने फुप्फुसांत जाऊन, हवेशी मिसळून, फुप्फुस नीलेने डावीकडे आले पाहिजे, असे निःसंदिग्धपणे मांडले. धर्माज्ञा आणि दयाबुद्धी यांमुळे आपण विच्छेदन करीत नाही असे तोच सांगतो, तेव्हा त्याचा निष्कर्ष मुख्यतः तर्काने काढलेला दिसतो. त्याच्या भाष्याची हस्तलिखित प्रत १९२४ मध्ये अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेस बर्लिनच्या ग्रंथालयात पडली, तोवर हे श्रेय संपूर्णपणे युरोपीयांच्या खाती जमा होते.

युरोपातील कथा मुख्यतः पादुआ या एका गावाची आहे. पादुआ व्हेनिसच्या प्रजासत्ताकात मोडत असे. व्हेनिस हे व्यापाऱ्यांचे राज्य असल्यामुळे ते रोमच्या धर्मसत्तेच्या ताबेदारीत नव्हते, आणि त्यामुळे तेथील विद्यापीठात प्रॉटेस्टंट इंग्रज, जर्मन, पोलिश, यहुदी असे सर्व प्रकारचे विद्यार्थी येत. ब्रुसेल्सचा अँड्रियास व्हेसेलियस १५३७ मध्ये तेथे शस्त्रक्रिया व शरीररचना शिकवू लागला. तोपर्यंतची पद्धत अशी होती की प्राध्यापकाने उंच आसनावर बसून गेलेनचा पाठ वाचावा, न्हावी-शल्यकाराने खाली शव कापावे आणि तिसऱ्याने काठीने अवयव दाखवावेत. शवात काही वेगळे दिसले तर ते शव सदोष समजले जाई. व्हेसेलियसने सुरी स्वतःच्या हातात घेतली. १५४३ मध्ये बाझेल येथे छापलेल्या त्याच्या सचित्र महाग्रंथात निलयांमधील पडद्याचा विषय येतो, तेव्हा तो छिद्रे नाकारत नाही. इतक्या जाड मांसातून रक्त पाझरवणाऱ्या विधात्याच्या कौशल्याविषयी विस्मय तेवढा व्यक्त करतो. त्यातला उपरोध त्या काळच्या वाचकाला कळत असणार. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र आपल्याला असा मार्ग दिसत नाही हे तो बऱ्याच उघडपणे लिहितो.

व्हेसेलियसच्या जागी आलेल्या रेआल्दो कोलंबोने जिवंत प्राण्यांची फुप्फुस नीला उघडून पाहिली आणि तीत हवा किंवा काजळी धूर नसून निव्वळ रक्त आहे हे दाखवले. १५५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात फुप्फुसांतून होणारा रक्ताचा प्रवास वर्णिलेला आहे. त्याच्या सहा वर्षे आधी मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याने हाच मार्ग एका धर्मशास्त्रीय ग्रंथात ओघाने सांगितला होता, परंतु त्यातील इतर मतांपायी त्याला २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. पुस्तकाच्या प्रतीही जाळल्या गेल्या आणि आज त्या छपाईच्या तीनच प्रती शिल्लक आहेत. त्याला मृत्युदंड रक्ताविषयीच्या मताबद्दल झाला असे जे कधीकधी लिहिले जाते ते चूक आहे. त्याचा गुन्हा त्रैक्याचा सिद्धान्त, म्हणजे ईश्वर एक असून तीन रूपांत आहे ही ख्रिस्ती श्रद्धा, नाकारण्याचा होता.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस पादुआत शरीररचनेचे आसन हिएरोनिमस फॅब्रिशियस याच्याकडे होते, आणि त्याच्याच पुढाकाराने १५९४-९५ च्या सुमारास विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शवविच्छेदनासाठी कायमचे रंगमंडल उभे राहिले. ते आजही जागेवर आहे. आकाराने लंबवर्तुळाकार, खाली निमुळते होत जाणारे, एकावर एक सहा लाकडी सज्जे असलेले हे दालन इतके अरुंद आहे की त्यात बसायला जागाच नाही. प्रेक्षक कठड्याला टेकून, दाटीवाटीने उभे राहून, तळाशी ठेवलेल्या मेजाकडे वाकून पाहत. शव लवकर नासू नये म्हणून ही विच्छेदने हिवाळ्यात आणि मेणबत्त्यांच्या प्रकाशात चालत, आणि शवे बहुधा देहदंड झालेल्या गुन्हेगारांची असत. फॅब्रिशियसने येथे दाखवलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे नीलांच्या आतल्या झडपा : वाहिनीच्या भिंतीला चिकटलेले, खिशासारखे पातळ पडदे, ज्यांची तोंडे नेहमी हृदयाच्या दिशेने उघडी असतात. १६०३ मध्ये त्याने त्यांवर स्वतंत्र पुस्तिका काढली. त्यांचे कार्य मात्र त्याने असे सांगितले की, यकृताकडून निघालेले रक्त हातापायांकडे एकदम धावून तेथे साचू नये, म्हणून त्याचा वेग या झडपा कमी करतात. ज्या झडपा रक्ताला त्या दिशेने जाऊच देत नाहीत, त्या त्याला सावकाश जाऊ देतात असे त्यांच्या अभ्यासकानेच लिहावे, हे या इतिहासातील सर्वांत बोलके स्थळ मानावे लागेल. पाहणे आणि समजणे यांत किती अंतर असते ते येथे दिसते.

त्या सज्जांवर उभे राहून पाहणाऱ्यांत फोकस्टन या इंग्लंडमधील बंदराचा विल्यम हार्वी होता. १ एप्रिल १५७८ रोजी जन्मलेला, केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण शतक उलटताना पादुआत आला, तेथील इंग्रज विद्यार्थिसंघाचा प्रतिनिधी म्हणून निवडला गेला आणि २५ एप्रिल १६०२ रोजी वैद्यकाची पदवी घेऊन परतला. गॅलिलिओ त्याच वर्षांत त्याच विद्यापीठात गणित शिकवत होता, परंतु दोघांची भेट झाल्याचा पुरावा नसल्यामुळे मोजमापाची आवड हार्वीला गॅलिलिओकडून लागली हा आवडता तर्क बाजूला ठेवलेला बरा. लंडनमध्ये १६०९ पासून तो सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्य होता, आणि १६१५ मध्ये तेथील वैद्यसंस्थेच्या शरीररचनेवरील व्याख्यानांसाठी त्याची नेमणूक झाली.

हार्वीने प्रथम हृदयाचे ठोके डोळ्यांनी पाहण्याचा प्रयत्न केला आणि तो जवळजवळ फसला, कारण सस्तन प्राण्यांचे हृदय इतक्या झपाट्याने हलते की ते केव्हा आकुंचन पावते आणि केव्हा फुगते हेच कळत नाही. म्हणून तो बेडूक, साप, बाम मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांकडे आणि मरणासन्न प्राण्यांच्या मंदावलेल्या हृदयांकडे वळला. तेथे त्याला दिसले की हृदयाचे खरे कार्य फुगणे नसून आवळणे आहे. आवळताना ते कठीण होते, फिके पडते, टोकाशी उचलले जाऊन छातीवर आदळते, आणि त्याच क्षणी रोहिणींमध्ये नाडी उमटते. आधी अलिंदे आवळतात, मग निलये. जिवंत सापाची हृदयाकडे येणारी महानीला चिमटीत धरली की हृदय रिकामे होऊन पांढुरके व लहान पडे. चिमटी सोडून महारोहिणी धरली की तेच हृदय तट्ट फुगून जांभळे होई. रक्त कोणत्या वाटेने येते आणि कोणत्या वाटेने जाते, हे याहून उघड करून दाखवणे अवघड होते.

तरीही त्याच्या युक्तिवादाचा कणा गणिताचा आहे. माणसाच्या डाव्या निलयात सुमारे दोन औंस रक्त मावते असे त्याने मोजले. दर ठोक्याला त्यातील अगदी थोडा अंश, समजा एक ड्रॅम, म्हणजे औंसाचा आठवा भाग किंवा जेमतेम चार ग्रॅम, बाहेर पडतो असे धरले, आणि अर्ध्या तासात हृदयाचे हजाराहून अधिक ठोके पडतात हे लक्षात घेतले. एवढ्या कंजूष हिशेबानेही अर्ध्या तासात १२५ औंस, म्हणजे जवळजवळ चार किलो रक्त महारोहिणीत जाते, आणि दिवसभरात सुमारे १९० किलो. इतके रक्त रोजच्या अन्नातून बनणे अशक्य. इतके रक्त मांसात मुरले तर शरीर फुटून जाईल. मेंढीच्या अंगात सारे मिळून चार पौंडांहून अधिक रक्त नसते हे त्याने प्रत्यक्ष पाहिले होते. तेव्हा तेच ते रक्त पुन्हा पुन्हा हृदयात येत असले पाहिजे, याखेरीज मार्ग उरत नाही. आजच्या मापनानुसार विश्रांतीत दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त बाहेर पडते, म्हणजे हार्वीने धरलेला आकडा खऱ्याच्या अठराव्या भागाइतका होता. तरीही निष्कर्ष अचूक निघाला, कारण आकडा चुकला तर आपल्याच बाजूविरुद्ध चुकावा अशी काळजी त्याने मुद्दाम घेतली होती.

परतीच्या वाटेचा पुरावा त्याने दंडाला पट्टी बांधून दिला. पट्टी अतिशय घट्ट बांधली तर मनगटाची नाडी थांबते आणि हात थंड पडतो. तीच थोडी सैल केली की खोल असलेल्या रोहिणीतून रक्त आत येते, पण वरवरच्या नीलेतून बाहेर पडू शकत नाही, म्हणून पट्टीच्या खालचा हात तांबूस होऊन नीला टरारतात आणि त्यांवर झडपांच्या जागी गाठी दिसू लागतात. अशा एका गाठीवर बोट दाबून दुसऱ्या बोटाने नीलेतील रक्त वरच्या गाठीपलीकडे पुसून नेले, तर मधला भाग रिता राहतो. वरून कितीही रेटले तरी रक्त गाठीखाली उतरत नाही, आणि खालचे बोट उचलताच नीला खालून भरते. कोणाही वाचकाला स्वतःच्या हातावर करून पाहता येईल असा हा प्रयोग हार्वीने चार चित्रांसह छापला, आणि ती चित्रे आपल्या गुरूच्या, म्हणजे फॅब्रिशियसच्या पुस्तिकेतील चित्रावरूनच बेतली. गंमत अशी की पट्टीखालची नीला फुगते हे शीर कापून रक्त काढणाऱ्या युरोपातील प्रत्येक न्हाव्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते, कारण त्याचा धंदाच त्यावर चाले. गेलेनचे म्हणणे खरे असते तर फुगवटा पट्टीच्या वरच्या बाजूस यायला हवा होता. पिसा येथील आंद्रेआ सेझाल्पिनोने ही विसंगती हार्वीच्या आधी नोंदवलीही होती, परंतु तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला नाही.

हे सर्व १६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे, मुद्रणदोषांनी भरलेल्या ७२ पानांच्या लॅटिन पुस्तकात प्रसिद्ध झाले आणि राजा पहिला चार्ल्स याला अर्पण करण्यात आले. आधुनिक विज्ञानाचा अग्रदूत म्हणून हार्वीचे जे चित्र नंतर रंगवले गेले त्यात हे पुस्तक पुरते बसत नाही. हार्वी शेवटपर्यंत अॅरिस्टॉटलचा अनुयायी होता. हृदयाला तो शरीराचा सूर्य आणि राजा म्हणतो, आणि पाण्याची वाफ होऊन पावसाने परत येण्याचे जे चक्र अॅरिस्टॉटलने वर्णिले, त्याच्याशी रक्ताच्या फेऱ्याची तुलना करतो. किंबहुना वर्तुळाकार गतीवरील ही जुनी श्रद्धाच त्याला नव्या कल्पनेपर्यंत घेऊन गेली असण्याचा बराच संभव आहे.

विरोध झाला, आणि तो अडाण्यांनी केला असे नाही. पॅरिसचा नामांकित शरीररचनाशास्त्रज्ञ झाँ रिओलाँ याने गेलेनच्या उपचारपद्धतीचा पायाच निखळेल हा धोका अचूक ओळखला होता, आणि त्याला हार्वीने १६४९ मध्ये सविस्तर उत्तर दिले. तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ मध्ये रक्ताभिसरण मान्य केले, पण हृदय रक्त ढकलते हे नाकारून ते उष्णतेने रक्ताला उसळवते असे म्हटले. पुस्तक निघाल्यावर हार्वीचे रुग्ण घटले, अशी नोंद त्याचा परिचित जॉन ऑब्री याने केली आहे. ३ जून १६५७ रोजी हार्वी वारला तेव्हा त्याचे मत बऱ्याच अंशी रूढ झाले होते. मात्र रोहिणीतील रक्त नीलेत नेमके कसे जाते याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते, कारण तेथे खरोखरच उपकरण हवे होते. ते बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाच्या रूपाने वापरले आणि १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्यांचे जाळे पाहिले. त्याचा जन्म १६२८ चा. पुढे १६६९ मध्ये रिचर्ड लोअरने काळपट रक्त फुप्फुसांत हवेच्या संपर्काने लाल होते हे सिद्ध केले, आणि १७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या मांडीतील रोहिणीला काचेची उभी नळी जोडून तीत रक्त ८ फूट ३ इंच चढल्याची नोंद प्रसिद्ध केली, जी रक्तदाबाचे पहिले मापन म्हणून ओळखली जाते.

एवढे होऊनही रुग्णाच्या खाटेपाशी फारच थोडे बदलले. रक्त बंद वाहिन्यांत फिरत असेल, तर दुखऱ्या अवयवाजवळची विशिष्ट शीर निवडून रक्त काढण्याला काहीच अर्थ उरत नव्हता, आणि दूषित रक्त एका जागी साचते ही समजूतही टिकत नव्हती. परंतु खुद्द हार्वी रक्तमोक्षण, म्हणजे शीर कापून रक्त काढण्याचा उपचार, करीत राहिला, आणि ज्या राजाला त्याने पुस्तक अर्पण केले त्याच्या मुलाला, दुसऱ्या चार्ल्सला, १६८५ च्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी वारंवार रक्त काढूनच निरोप दिला. या उपचाराची पहिली गंभीर झडती पुन्हा मोजणीनेच घेतली गेली : पॅरिसच्या प्येर लुई याने १८३५ मध्ये न्यूमोनियाच्या ७७ रुग्णांची तुलना करून रक्त काढण्याचा लाभ समजला जातो त्याहून फारच कमी असल्याचे दाखवले. तरीही १८९२ मध्ये निघालेल्या विल्यम ऑस्लरच्या प्रसिद्ध वैद्यक पाठ्यपुस्तकात, हार्वीच्या पुस्तकानंतर २६४ वर्षांनी, धडधाकट माणसाला तीव्र न्यूमोनिया झाल्यास आरंभीच रक्त काढावे ही शिफारस होती.